तीनच्या पोटातला दोन

गाडी जाम झाली त्या दिवशी मळ्यात भरीत होतं, म्हणून दिवस पक्का लक्षात आहे. डिसेंबरातला रविवार, सकाळचे साडेसात, हात गारठून हॅंडल धरवत नव्हतं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला लागली होती आणि मी कांद्याची पात आणायला गावात निघालो. बोरी नदीच्या काठचा कच्चा रस्ता, दीड किलोमीटर सरळ, समोर कुणी नाही. पूर्ण रेस दिली. जरा वेळाने इंजिनाचा आवाज बारीक झाला, भांड्यात खडे हलवल्यासारखा, आणि मागचं चाक बसलं. हाताने आपोआप क्लच दाबला म्हणून आज लिहितोय. भरीत सगळ्यांनी पातीशिवाय खाल्लं, आणि ते अजूनही ऐकवतात.

गाडी यामाहाची आरएक्स १३५. अमळनेर-पारोळ्याकडच्या पोरांना या गाडीबद्दल वेगळं सांगायला नको. आरएक्स १०० आली १९८५ साली, बंद झाली १९९६ ला. आमची १३५ त्यानंतरची, तीही बंद होऊन वीस वर्षं झाली. कंपनीचे पार्ट मिळेनासे झाले की मग पार्ट 'करून देणारे' येतात. मी ही गाडी रस्त्यासाठी घेतलीच नव्हती. मडगार्ड वर उचललेलं, मागे चेनचं मोठं चाकतं, गुटक्याचे टायर, चेंबरचा, म्हणजे फुगीर पोटाचा, सायलेन्सर. उन्हाळ्यात कोरड्या नदीपात्रात आणि पडीक माळावर आम्ही पाच-सहा जण फिरवतो, कधी डर्ट ट्रॅकच्या शर्यतीला जातो. ऑइल पंप काढून टाकलेला, पेट्रोलमध्येच लिटरला ४० मिली टूटी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं, ऑइल मिसळतो. हे ऑइलचं ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

चेंबर बसवल्यावर जुना कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, पुरेना. तेव्हा एका ट्यूनरचं नाव कानावर आलं. नाव आणि गाव लिहीत नाही, पण मोबाइलवर त्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील: हातात नवाकोरा कार्ब, मागे किंचाळणारी आरएक्स. गेल्या मे महिन्यात मी गाडी त्याच्याकडे नेली. २८ एमएमचा कार्ब 'ओरिजिनल जपान' म्हणून ५,५०० ला, 'जेटिंग किट' म्हणून १,५०० आणि ट्यूनिंगचे ८००. कार्बवर केहिन या जपानी कंपनीचं नाव होतं. ती नक्कल आहे हे मला फार नंतर कळलं. नकली कार्बने गाडी चालतच नाही असं नाही, चालते. पण त्यातले जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा), निडल, स्लाइड यांचा भरवसा नसतो, आणि मी पैसे ओरिजिनलचे मोजले होते.

माझी तक्रार तेव्हा एवढीच होती की गाडी उभी असताना नीट चालते, पण रेस उघडायला सुरुवात केली की गुदमरते. ज्याला कार्ब कळतो तो इथेच ओळखेल. थ्रॉटल उघडतानाचा पहिला भाग पायलट जेट आणि एअर स्क्रूचा असतो, मग स्लाइडच्या कापाचा. मधला भाग निडलचा. मेन जेटचं राज्य शेवटच्या पाव भागात, म्हणजे पाऊण ते पूर्ण रेसमध्ये. माझं दुखणं पहिल्या भागात होतं आणि त्याने पैसे घेतले मेन जेटचे. पोट दुखतंय म्हणून गेलो आणि गुडघ्याला पट्टी बांधून आलो. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, आणि मला माहीत नाही हे त्याला पहिल्या दोन मिनिटांत कळलं असणार.

"भाऊ, तुम्ही बाहेर बसा, चहा घ्या. कार्बचं काम गर्दीत होत नाही." मी बाहेर बसलो. चहा चांगला होता.

तासाभराने गाडी मिळाली आणि खरं सांगतो, मी खूश झालो. रेस दिली की गाडी चाकूसारखी तुटून पडायची. त्याने प्लग काढून दाखवला. चिनीमातीचा भाग पांढराफटक. "बघा भाऊ, किती स्वच्छ जळतंय पेट्रोल. ॲव्हरेज पण वाढेल." मी प्लगचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांनी अंगठे दिले. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय, हे अंगठे देणाऱ्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. प्लग विटकरी हवा. काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त. आणि लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडणारी, गाडी मरण्याआधी फार गोड पळते, ही तर यातली सगळ्यात वाईट गोष्ट. दिवा विझण्यापूर्वी मोठा होतो तसं.

मेमध्ये ती मेली नाही, कारण आपला उन्हाळा. ४४-४५ अंशाची हवा पातळ असते. हवा पातळ म्हणजे तेवढ्याच पेट्रोलला मिश्रण दाट पडतं, म्हणून छोटा जेटही खपून गेला. त्याची लबाडी सहा महिने आपल्या उन्हाने झाकली.

ऑक्टोबरात कापूस वेचणीला लागायच्या आधी मी परत गेलो. कुठेतरी वाचलं होतं की थंडीत हवा घट्ट होते, जेट वाढवावा लागतो. ते खरंच आहे. ४५ अंशाच्या दुपारपेक्षा १० अंशाच्या सकाळी हवा साधारण बारा टक्के जड असते. मी त्याला तसं म्हटलं तर तो खूशच झाला. "भाऊ, तुम्हाला तर सगळं समजतं! १२८ काढून १३८ टाकतो." पुन्हा बाहेर बसा, पुन्हा चहा. या वेळी त्याने बाउल, म्हणजे कार्बची खालची वाटी, उघडून बॅटरीच्या उजेडात जेट दाखवलासुद्धा. पितळेवर आकडा होता, १३८. ९०० रुपये दिले. बिल मागितलं तर ऑइलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर 'मेन १३८' लिहून दिलं.

जुना १२८ मी मागितला नाही. सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

गाडी जाम झाल्यावर छोट्या हत्तीत टाकून गावातल्या अप्पांकडे आणली. अप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आता ट्रॅक्टर आणि फवारणी पंप दुरुस्त करतात. तिथूनच मी ट्यूनरला फोन लावला. तो म्हणाला, "ऑइल कमी टाकलं तुम्ही, शंभर टक्के. बोर-पिस्टन मी इंपोर्टेड लावून देतो. पण कार्ब खोलू नका. तसाच आणा. कुणी हात लावला तर माझी जबाबदारी नाही."

फोन स्पीकरवर होता. अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पिस्टन बसलाय आणि हा कार्बला जपतोय. "आते ते पहिले कार्बच खोलूत," ते म्हणाले.

बाउल उघडला. जेट बाहेर आला, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. आकडा १३८. म्हणजे माणूस खरं बोलत होता, मी मनात म्हटलं, आणि ऑइल आपणच चुकलो की काय म्हणून घाबरलो. अप्पा मात्र जेट बोटांत फिरवत राहिले. त्यांना तीनचा आकडा बाकी दोन आकड्यांपेक्षा जाड वाटत होता. आमच्याकडे गाव कितीही लहान असो, सोनार असतोच. जेट घेऊन गेलो. सोनारकाकांनी डोळ्याला भिंग लावलं, जेट चिमट्यात धरला, दोनदा फिरवला. जन्मभर अंगठ्यांवरचे शिक्के तपासलेला माणूस. म्हणाले, "एक आणि आठ कारखान्यातले आहेत. हा मधला हाताने ठोकलाय. अन् बघ, तीनच्या पोटात दोन आहे. खालची आडवी रेघ पुरती घासली नाही त्याने." मग मलाही भिंगातून दाखवलं. इंग्रजी दोनचा सपाट पाय तीनच्या गोलाईखालून डोकावत होता. आजूबाजूला कानशीचे बारीक ओरखडे.

अप्पांचं समाधान तेवढ्याने झालं नाही. हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी १.३ मिलिमीटरचं ड्रिल बिट मागवलं. केहिनच्या मेन जेटचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२८ म्हणजे १.२८, १३८ म्हणजे १.३८. जेट खरंच १३८ चा असेल तर बिटाची मागची गुळगुळीत दांडी सहज आत जायला हवी. अप्पांनी ती भोकावर टेकवली. तोंडाशीच अडली. जोर लावायचा नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं होईल, आणि धारेची बाजू तर लावायचीच नाही. त्यांनी बिट माझ्या हातात दिलं, मीही करून पाहिलं. "हाऊ ते जुनाच शे, भो," अप्पा म्हणाले. म्हणजे हा तर जुनाच १२८ आहे. (मिकुनी या दुसऱ्या कंपनीच्या षट्कोनी जेटला ही युक्ती चालत नाही. तिथे आकडा व्यासाचा नसतो, पेट्रोल किती वाहतं त्याचा असतो.)

दिसायला दहा आकड्यांचा फरक, पण भोकाच्या क्षेत्रफळात तो चौदा टक्क्यांच्या घरात जातो. तेवढं पेट्रोल कमी, आणि माझं ऑइल पेट्रोलातूनच जात असल्यामुळे ऑइलही तेवढंच कमी. वर थंडीची जड हवा. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला की सिलिंडरच्या आतल्या लोखंडी स्लीव्हच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. मग जागा उरत नाही. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला चार उभे चट्टे होते, नखाने खरवडल्यासारखे.

जेट घेऊन मी त्याच्याकडे गेलो, सोबत दोन मित्र. तो शांत होता. "भाऊ, हा माझा जेटच नाही. तुम्ही बाहेर खोललंत ना? कुणी बदलला मला काय माहीत." आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुना जेट नाही, बिल नाही, पुठ्ठ्यावर त्याची सही नाही. तिथेच बसलेल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने मला "जाऊ द्या ना भाऊ, नऊशे रुपयांसाठी" असंही सांगितलं. नऊशेसाठी? रिबोर, म्हणजे सिलिंडर आतून पुन्हा कापून घेणं, आणि पिस्टन मिळून आणखी ४,२०० गेले.

पैसे मात्र मी दोन्ही वेळा फोनवरून दिले होते, तेवढं नशीब. ती नोंद, पुठ्ठा आणि भिंगातून काढलेला जेटचा फोटो घेऊन मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. तिथून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांत जावं लागतं. वकिलाने स्पष्ट सांगितलं की काढलेला जेट हातात असता तर गोष्ट वेगळी होती. म्हणून आता मी कुठेही गाडी दिली की खिशात गोळ्यांची रिकामी बाटली असते. जे निघेल ते तीत टाकायचं, माझ्यासमोर, आणि नवीन जे बसणार त्याचा फोटो बसण्याआधी. चहा नको म्हणतो. एक-दोन मिस्त्री चिडले, बाकीच्यांना काही वाटलं नाही. चिडणारे कोण, हे आपल्याला फुकटात कळतं.

गाडी आता अप्पांनीच लावून दिलीय. खरा १३५ टाकला, पायलट एक नंबर वाढवला, निडलची क्लिप एक खाच खाली. हॅंडलवर थ्रॉटलपाशी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्यात. गाडी कुठे अडखळते ते आता बोट ठेवून सांगता येतं. पूर्वीइतकी तुटून पळत नाही. प्लग विटकरी आहे.

मागच्या आठवड्यात पारोळ्याकडचा एक पोरगा अप्पांकडे क्लचची केबल बदलायला आला. आरएक्स, तसाच २८ चा कार्ब, पिकअपचं कौतुक संपेना. मी विचारलं, कुणी लावला? त्याने तेच नाव घेतलं. प्लग काढायला सांगितला. पांढरा. कार्ब उघडून बघू या म्हटलं तर पोरगा बिचकला. "नको, त्यांनी खोलू नको सांगितलंय."

अप्पांनी हात पुढे केला आणि माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हर मागितला.