बालशिक्षणाचा ऑनलाइन कोर्स केला, त्याबद्दल

इथली एक संस्था आणि परदेशातली एक युनिव्हर्सिटी मिळून चालवतात तो १० आठवड्यांचा कोर्स नुकताच पूर्ण झाला. मी बालवाडीत शिकवते. सगळ्यात आवडला तो न्यूझीलंडचा भाग, त्यांचा १९९६ चा ‘ते फारिकी’ अभ्यासक्रम, माओरी भाषेत फारिकी म्हणजे विणलेली चटई. ४ तत्त्वं आणि ५ धागे एकमेकांत विणायचे, म्हणजे आपुलकी, आरोग्य, संवाद असं सगळं एकत्रच, विषयांचे तुकडे नाहीत. त्यात मार्कांऐवजी मुलाची ‘शिकण्याची गोष्ट’ लिहितात. मी लगेच करून बघितलं, आमच्या बालवाडीतली एक ४ वर्षांची मुलगी चिंचोके वाटीत भरत होती, सांडले की परत पहिल्यापासून, २० मिनिटं, आणि मी नुसती बघत लिहित बसले. तिच्या आईला वाचून दाखवलं तर आईचे डोळे भरून आले हो!

खटकलं ते हे, की लेक्चर्स सगळी इंग्रजीत, मराठी सबटायटल्स नाहीत, त्यामुळे माझ्या अंगणवाडीतल्या मैत्रिणीने तिसऱ्या आठवड्यातच सोडलं. सर्टिफिकेटसाठी चार मेल करावे लागले. आणि इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासच्या अड्यारला आल्या त्याचा उल्लेख होता, पण ताराबाई मोडक नि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला गावातल्या, आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्याचा अजिबातच नाही, ह्याचं फार वाईट वाटलं. तिथे तर शंख-शिंपले, बिया, पानं हेच साहित्य होतं!

इंग्रजी जमत असेल तर नक्की करा, पण रोज तासभर काढावा लागतो.