त्सुनामी आणि ज्वालामुखी: इशाऱ्याचा अवधी

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला आणि सुमारे दोन तासांत लाटा तमिळनाडूवर थडकल्या. थायलंडमध्ये तर समुद्र आधी मागे हटला आणि उघड्या पडलेल्या वाळूवर कुतूहलाने उतरलेली कित्येक माणसे परतलीच नाहीत. म्हणून किनाऱ्यावर जमीन जोरात हादरली, की भोंग्याची वाट न पाहता उंचावर जावे.

फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखी मात्र १५ जून १९९१ च्या महास्फोटाआधी दोन महिने वाफ आणि लहान भूकंपांतून इशारे देत होता, त्यामुळे हजारोंना वेळीच हलवता आले. तरीही वादळी पावसात भिजून जड झालेल्या राखेखाली छपरे कोसळून शेकडो दगावले, आणि लाटा ओसरतात तशी ही राख ओसरली नाही: पुढची कित्येक वर्षे पावसाळ्यात तिच्या चिखलाचे लोट गावे गाडत राहिले.