तालुक्याच्या बातम्यांचा चॅनल: पाणी-लाईटला पाच स्टार, पंचायतीला दोन

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या बातम्या देणारा एक व्हॉट्सअॅप चॅनल आहे, यूट्यूबवरपण व्हिडिओ टाकतात, नाव लिहीत नाही कारण चालवणारी पोरं ओळखीची आहेत आणि पुढे मी जरा टोचून बोलणार आहे. फुकट आहे, जाहिरातींवर चालतो. घ्यावा की नको असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

माझं माप सरळ आहे. पंचायत, पालिका, पाणी, लाईट काहीही असू दे, बातमी आधी मिळाली तर उपयोग, नंतर मिळाली तर नुसता टाइमपास. ह्या मापाने चॅनल अर्धा एक नंबर आहे आणि अर्धा काही कामाचा नाही.

एक नंबर काय ते आधी. लाईट. वीज खातं दुरुस्तीच्या शटडाउनची प्रेस नोट काढतं, ती पेपरात आतल्या पानावर बोटभर जागेत येते, 11 केव्ही अमुक फीडर (म्हणजे वीजवाहिनी), सकाळी 9 ते दुपारी 2, आणि आपण कुठल्या फीडरवर आहोत हे आपल्या सात पिढ्यांना माहीत नसतं. ही पोरं काय करतात, लाईनमनला विचारून फीडरखाली कुठले वाडे, म्हणजे गावातल्या वस्त्या, येतात ते लिहितात. बस्स, एवढंच पाहिजे होतं. गणेश चवथीच्या आधी झाडांच्या फांद्या छाटायला सारखी लाईट घालवतात तेव्हा घरात नेवऱ्या (करंज्या) करायला घेतलेल्या असतात, मिक्सर चालू, पीठ मळलेलं, आणि अशा वेळी आदल्या रात्री मेसेज आलेला असला की आई सगळं सकाळी साडेआठच्या आत उरकून मोकळी. खाली 1912 हा तक्रारीचा नंबर पण देतात दरवेळी, तो लागतो का हा वेगळा विषय.

पाण्याचंही तसंच. साखळी शहराच्या बाजूला पडोसे प्रकल्पाचं पाणी, पलीकडे बार्देश तालुक्यात अस्नोडा प्रकल्पाचं, आणि अस्नोड्याचं सगळं गणित तिळारी धरणाच्या कालव्यावर, तिथे सिंधुदुर्गात कालव्याला भगदाड पडलं की इकडे म्हापशापर्यंत बोंब. पेपरात दुसऱ्या दिवशी ‘नागरिकांचे हाल’ असं हेडिंग येतं, पण हाल होऊन गेलेले असतात ना तोपर्यंत! चॅनलवर मात्र जलवाहिनी फुटली की तासाभरात फोटो, कुठे फुटली, कुठल्या गावांना संध्याकाळचं पाणी येणार नाही, टँकर कुठे थांबणार, सगळं. एकदा तर टँकर वळणावर अडकला तेही सांगितलं होतं, लोक बादल्या घेऊन तिथेच गेले.

पण खरी कमाल पावसात. साखळीचा बाजार ज्यांनी पाण्यात बघितलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. वाळवंटी नदीची पातळी वाढली की बाजारातल्या नाल्याचं गेट बंद करावं लागतं नाहीतर नदीच उलटी आत येते, मग बाजारात साचणारं पावसाचं पाणी पंपाने उपसून नदीत टाकायचं, म्हणजे पंप चालू आहेत की नाहीत ह्यावर दुकानदारांचं अख्खं नशीब. त्यात वर सत्तरी तालुक्यात अंजुणे धरण भरत आलेलं असलं आणि दरवाजे उघडले, आणि नेमकी त्याच वेळी खाली भरती असली, की पाणी उतरायला जागाच नाही. ह्या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या लोकांना माहीत असतात, जलस्रोत खात्याला धरणाचं माहीत, पालिकेला गटारांचं, सत्तरीतल्या वाळपईवाल्यांना तिकडे किती धोधो पडतोय ते, पण एका जागी कोणी आणत नव्हतं. चॅनलवाले आणतात. जोराचा पाऊस लागला की नदीच्या पातळीचा फोटो, अंजुणेत काय परिस्थिती, भरती किती वाजता, पंप चालू, एवढ्या चार ओळी, आणि दर थोड्या वेळाने परत. रात्री दोनला पण टाकतात. माझ्या मित्राचं बाजारात कपड्याचं दुकान आहे, तो तळाच्या फळ्यांवरचा माल वर कधी चढवायचा ते आता ह्यावरून ठरवतो, आधी तो नदीवर बॅटरी घेऊन बघायला जायचा. ह्या एका कामासाठी मी त्यांना पाचातले सहा स्टार द्यायला तयार आहे.

आता पंचायत-पालिका.

इथे काय होतं बघा. ग्रामसभा रविवारी असते. चॅनलवर रविवारी दुपारी व्हिडिओ येतो, ‘ग्रामसभेत गदारोळ’, कोण तरी माईक ओढतोय, सरपंच बसा बसा म्हणतायत, मागे कोणी तरी हसतंय, हजारोंनी व्ह्यूज. छान. पण ग्रामसभा आहे हे गुरुवारी शुक्रवारी कुठे लिहिलं होतं? विषयपत्रिकेवर काय होतं? नोटीस पंचायतीच्या फलकावर लागलेली असते, काचेच्या आत, अर्धी इंग्लिशमध्ये आणि तिच्यावर दुसरी चिकटवलेली. कामाला पणजीला जाणारा माणूस सकाळी सातला बस पकडतो आणि संध्याकाळी साडेसातला परत येतो, तो कधी बघणार फलक. नेमकं हेच काम चॅनलने करायचं, आणि नेमकं हेच ते करत नाहीत. पंधरवड्याची पंचायत बैठक तर त्यांच्या लेखी नाहीच, आणि तिथे काय ठरतं, बांधकाम परवाने, ना हरकत दाखले, कोणाच्या दारातला रस्ता आधी होणार, म्हणजे गावाचं अर्धं भविष्य. गदारोळ नाही ना होत तिथे, मग व्हिडिओ कसला काढणार.

त्याहून वाईट उदाहरण सांगतो. खाण नाहीतर तसा मोठा प्रकल्प येतो तेव्हा पर्यावरण दाखल्याच्या आधी जनसुनावणी लागते. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे तिची नोटीस निदान 30 दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते, प्रकल्पाच्या पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल लोकांना वाचायला ठेवावा लागतो, हरकती लेखी पण देता येतात. डिचोली तालुक्याला हे शिकवायला नको, खाणी 2012 ला बंद झाल्या, चालू झाल्या, 2018 ला परत बंद, आता परत ट्रक फिरतायत, धूळ कोणाच्या पानात पडते ते सगळ्यांना माहीत आहे. तर आमच्या बाजूच्या एका सुनावणीचं चॅनलवर काय आलं, तर त्या दिवशी सकाळी यूट्यूबवर लाईव्ह. तीस दिवस हातात होते! एक पोस्ट टाकायची, सुनावणी ह्या तारखेला, अहवाल इथे बघायला मिळेल, लेखी हरकत इथे द्या. लाईव्हवर लोक कमेंट करत होते, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आणि खाली अॅडमिनचं उत्तर काय, तर हात जोडल्याचा इमोजी.

जमिनीचं तेच. नगरनियोजन कायद्याच्या 39ए कलमाखाली झोन बदलायची प्रकरणं सरकारी राजपत्रात येतात, सर्व्हे नंबर, गाव, किती चौरस मीटर, ऑर्चर्डचं (बागायतीचं) सेटलमेंट (वस्तीची जमीन) करायचंय वगैरे, आणि हरकतीला 30 दिवस. राजपत्र नेटवर फुकट मिळतं. त्यातून आपल्या तालुक्यातली गावं तेवढी उचलून मराठीत टाकायची, महिन्यातून एक-दोन तासांचं काम असेल. कोणी करत नाही. मग डोंगरावर जेसीबी चढला की चॅनलचा ड्रोन पण चढतो, मागे म्युझिक टाकून.

पेपरांशी तुलना करायचीच तर, मी घरी अजून पेपर घेतो, आमच्याकडे गोमन्तक येतो, शेजारी तरुण भारत, दुपारी अदलाबदल. तालुक्याच्या पानावर नगरपालिका बैठकीचा रिपोर्ट वाचावा तर पेपरातच, कोणी काय प्रश्न विचारला, मुख्याधिकाऱ्यांनी काय उत्तर दिलं, ठराव झाला की पुढे ढकलला. गावचा जुना बातमीदार पालिकेत दोन तास बसून ऐकतो हो, त्याला काही रील करायची नसते. शिवाय कायदेशीर नोटिसा पेपरातच येतात, बारीक टायपात का होईना. पण रात्री दोनला नदीची पातळी पेपर सांगू शकत नाही, त्यामुळे हे का ते असा प्रश्नच येत नाही.

भाषेबद्दल मात्र पोरांना मानलं. सरळ मराठी, मधूनच कोकणी येते, कोणाला अडत नाही. राजभाषा कायदा 1987 चा, कोकणी राजभाषा आणि मराठीचाही सरकारी कामात वापर, असं कागदावर आहे, आणि तरी आदेश येतो तो इंग्लिशमध्येच. जिल्हाधिकाऱ्यांचा वाहतूक बदलाचा दोन पानी आदेश ही पोरं तीन ओळीत करून टाकतात, ‘बाजाराच्या दिवशी ह्या बाजूने गाडी घालू नका, पार्किंग तिकडे’. डिचोलीचा बुधवार असो की साखळीचा सोमवार, बाहेरून येणाऱ्यांना हे फार उपयोगी.

जे मला झेपत नाही ते म्हणजे वाढदिवस. आमच्या लाडक्या पंचांना, लाडक्या झेडपींना (जिल्हा पंचायत सदस्यांना), लाडक्या नगरसेवकांना, भाग्यवान गावचे भाग्यवान नेते, केक, शाल, परत केक. जिल्हा पंचायतीच्या गोव्यात 50 जागा, उत्तरेत 25 दक्षिणेत 25, आपल्या वाट्याला त्यातले मोजके येतात, पण चॅनल बघून वाटतं पन्नासही जण रोज जन्माला येतायत. हे पैशाचे असतात, मला समजतं, चॅनल चालवायला पैसे लागतात, पण मग वर ‘जाहिरात’ असं लिहा की. पावसाचा अलर्ट आणि वाढदिवस एकाच रंगाच्या चौकटीत आले तर माणूस दोन्ही न बघता सरकवतो. आणि ज्याचा केक कापला त्याच्या वॉर्डातला कचरा दुसऱ्या दिवशी दाखवणार का, हे मी विचारायची गरज नाही, बघून घ्या.

चालवणारा एक पोरगा हल्लीच भेटला, त्याला हे सगळं तोंडावर बोललो. तो म्हणाला, “दादा, अजेंडा आम्हाला देतो कोण? सचिव म्हणतो फलकावर बघ.” मी म्हटलं मग फलकाचा फोटो काढ ना बाबा, गावागावात तुझे लोक आहेत, नाल्याचा फोटो काढतात तसा काचेचा काढायचा. “ते कोण बघणार? व्ह्यूज येत नाहीत त्याला.” हे त्याचं खरं असेल. लाईट जाणार ह्या पोस्टला पण व्ह्यूज कमीच असतात म्हणे, पण ती ते न चुकता टाकतात, कारण नाही टाकली तर लोक फोन करून शिव्या घालतात. म्हणजे ग्रामसभेची तारीख नाही टाकली म्हणून आजपर्यंत कोणी शिवी घातलेली नाही. मी त्या दिवशी सुरुवात केली, तुम्ही पण करा, नंबर त्यांच्या प्रत्येक पोस्टखाली असतो. दोनच आठवड्यांत फरक दिसला, दोन गावांच्या ग्रामसभेच्या नोटिसा फोटोसकट आल्या, एक तिरकी होती आणि काचेत काढणाऱ्याचं तोंड दिसत होतं, पण तारीख वाचता येत होती.

घ्यायचा असेल तर व्हॉट्सअॅप चॅनल घ्या, व्हॉट्सअॅप ग्रुप नको. ग्रुपवर सकाळी सहापासून गुड मॉर्निंगची फुलं आणि दुपारी दोन पक्षांची मारामारी, त्यात पाण्याची बातमी बुडून जाते. चॅनलवर कमेंटची भानगड नाही. क्यूआर कोड साखळी बाजारात बऱ्याच दुकानांवर चिकटवलाय. नोटिफिकेशन जून ते सप्टेंबर चालू ठेवा, बाकीचे महिने म्यूट करून संध्याकाळी एकदा बघितलं तरी चालतं, फक्त वाढदिवस ओलांडत खाली जायची तयारी ठेवा.