इंदूरच्या एका दत्तक संस्थेचा आमचा अनुभव

इंदूरमधील ज्या विशेष दत्तक संस्थेतून आमची मुलगी घरी आली, तिच्या कामाविषयी आता दीड वर्षानंतर निवांतपणे लिहिता येते. नोंदणी संस्थेत होत नाही. ती केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवरच करावी लागते, आणि गृहअध्ययन (घरी येऊन कुटुंबाची केलेली पाहणी), मुलाची भेट व नंतरचा पाठपुरावा ही कामे संस्थेकडे असतात. रामबागेतील आमच्या घरी आलेल्या समाजसेविका बाईंनी पगाराच्या कागदांपेक्षा माझ्या सासूबाईंना जास्त वेळ दिला आणि ‘नातीचे कूळ कोणी विचारले तर काय सांगाल?’ असे सरळच विचारले. सासूबाई गडबडल्या, पण मला ते आवडले.

मुलाची माहिती पोर्टलवर आल्यावर होकार कळवायला 48 तासच मिळतात, आणि नेमके तेव्हाच वैद्यकीय अहवालाचे एक पान अस्पष्ट निघाले. दुसरी प्रत मिळवायला तीन फोन करावे लागले, ही मोठी उणीव.

दत्तकपूर्व संगोपनासाठी, म्हणजे दत्तक आदेश होईपर्यंत आमच्याकडे राहण्यासाठी, मुलीला सोपवताना मात्र तिथल्या मावशींनी तिची मळकी गोधडी ‘इतक्यात धुऊ नका’ असे बजावून पिशवीत घालून दिली. पहिले आठ दिवस ती त्याच वासावर झोपली.

2022पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. त्याची कागदपत्रे संस्थेनेच नीट लावून दिली. दोन वर्षे दर सहा महिन्यांनी व्हायचा पाठपुरावाही आतापर्यंत वेळेवर झाला आहे. मात्र आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने मोठ्या मुलांच्या प्रतिपालकत्वाविषयी (दत्तक न घेता मूल काही काळ आपल्या घरी सांभाळण्याविषयी) विचारले, तेव्हा दोन वर्षांच्या संगोपनानंतर तेच कुटुंब दत्तकासाठी अर्ज करू शकते, हे तिथे कोणालाच सांगता आले नाही.