उष्णतेची गणितं: एकच समीकरण की पायरीपायरीने जमाखर्च?

दहावीच्या ‘उष्णता’ धड्यातली गणितं शिकवायला बसलं की दोन रिती समोर येतात. पहिलीत उष्णता विनिमयाचं तत्त्व थेट मांडायचं. गमावलेली उष्णता एका बाजूला, घेतलेली दुसऱ्या बाजूला, शेवटचं तापमान ‘क्ष’ धरायचं आणि सोडवायचं. दुसरीत प्रत्येक पायरीला किती कॅलरी लागल्या आणि हाताशी किती उरल्या, याचा जमाखर्च लिहीत पुढे जायचं. मी कोकणात हर्णै बंदराच्या गावी मुलांना शिकवतो. दोन्ही रिती बरीच वर्षं वापरल्या आणि आता दुसरीवर स्थिरावलो आहे. तुमचं मत वेगळं असू शकतं.

तापलेला तांब्याचा गोळा कॅलरीमापीतल्या (उष्णता मोजायच्या भांड्यातल्या) पाण्यात टाकला, अशा गणितात मात्र समीकरणच बरं. तिथे कुणाची अवस्था बदलत नाही, दोन ओळींत उत्तर मिळतं. जमाखर्च तिथे उगाच पान भरतो. पुढे प्रवेश परीक्षांना बसणाऱ्या मुलाला तो वेग लागतोच.

अडचण बर्फ आला की सुरू होते. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला १ कॅलरी लागते, आणि ० अंशाचा १ ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८०. ६० अंश सेल्सिअसच्या १०० ग्रॅम पाण्यात ० अंशाचा १०० ग्रॅम बर्फ टाकला. समीकरणवाला मुलगा लिहितो: १०० × ८० + १०० × क्ष = १०० × (६० − क्ष). उत्तर येतं, उणे १०. गरम पाणी आणि शून्य अंशाचा बर्फ मिसळून उणे १०! आकडेमोड तपासावी तर ती चोख असते. चूक आहे ती कागदावर न लिहिलेल्या गृहीतात, की सगळा बर्फ वितळला. मला या रितीचा खरा त्रास हाच वाटतो. मुलाला चुकलेली ओळ बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि तो निमूटपणे उणे १० खाली दोन रेघा मारून मोकळा होतो. हुशार मूल उणे उत्तर पाहून थबकेल, हे मान्य. पण मग त्याला पहिल्यापासून मांडावं लागतं, म्हणजे वाचवलेला वेळ गेलाच.

जमाखर्चात हे घडतच नाही. पाणी ६० वरून ० वर आलं तर जास्तीत जास्त ६००० कॅलरी मिळतील. सगळा बर्फ वितळायला ८००० हव्यात. पुरत नाहीत. ६००० भागिले ८०, म्हणजे ७५ ग्रॅम वितळला, २५ ग्रॅम उरला, तापमान ०. संपलं.

आणि आमच्याकडे बर्फ काही फक्त पुस्तकात नसतो. बंदरावरून १० किलो बांगडा खोक्यात भरून न्यायचा, मासा ३० अंशांवर. माशात बहुतांश पाणीच असतं, म्हणून त्याची विशिष्ट उष्माधारकता (१ ग्रॅम १ अंशाने तापवायला लागणाऱ्या कॅलरी) पाण्याहून थोडी कमी, ०.८५ धरू. ० अंशापर्यंत आणायला १० × ०.८५ × ३० = २५५ किलोकॅलरी, म्हणजे साधारण ३.२ किलो बर्फ. मुलं लगेच म्हणतात, “सर, आमच्याकडे तर माशाइतकाच बर्फ घालतात!” बरोबरच आहे. उरलेला बर्फ वाटेत खोक्याच्या भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेसाठी असतो. जमाखर्चात त्यासाठी फक्त एक ओळ वाढवायची. ‘गमावलेली बरोबर घेतलेली’ असं दोनच वस्तूंचं समीकरण मांडून बसलं, तर ती उष्णता कुठे लिहावी हे मुलांना सुचत नाही.

कुठली नोंद मोठी आणि कुठली किरकोळ, हेही असं मांडलं की डोळ्यांत भरतं. बर्फाची लादी उणे ५ अंशांवर असली, तरी तिथून ० पर्यंत यायला ग्रॅममागे फक्त २.५ कॅलरी लागतात. वितळायला ८०. म्हणजे मासा थंड होतो तो मुख्यतः बर्फ वितळताना. स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात हेच दाखवलं होतं, की बर्फ वितळत असताना उष्णता आत जात राहते आणि तापमापी हलत नाही.

वाफेचंही तसंच. मोदकपात्राचं झाकण उघडताना हातावर वाफ आली, तर १ ग्रॅम वाफ पाणी होतानाच ५४० कॅलरी देते. मग ते पाणी १०० वरून अंगाच्या ३७ अंशांवर येईपर्यंत आणखी ६३. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने जास्त का भाजतं, हे या दोन ओळी शेजारी लिहिल्या की मुलं स्वतःच सांगतात.

जमाखर्चाला जागा जास्त लागते, आणि घाईत असलेल्या मुलांना सुरुवातीला तो कंटाळवाणा वाटतो. तरी बर्फ किंवा वाफ यांचं नाव गणितात असेल, तर मी तरी आधी जमाखर्चच मांडायला सांगेन. शेवटी काय उरणार, नुसतं पाणी की पाण्यात बर्फही, हे त्यातून ठरलं की मग हवं तर समीकरण खुशाल वापरा.