इंजिन तापतंय: जुनी मोटर दुरुस्त करायची की नवी बसवायची?

मॉडेल रेल्वेचं एचओ, म्हणजे १:८७ मापाचं जुनं इंजिन दहा मिनिटांत हाताला चटका देऊ लागलं, की दोनच वाटा उरतात.

पहिली दुरुस्तीची. आधी मोटर गिअरपासून सुटी करून १२ व्होल्टवर चालवून पाहा. एकटी थंड राहिली तर दोष बहुधा तिचा नाहीच. गिअरमधलं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालेलं असतं. एकटीही तापली तर कम्युटेटर, म्हणजे गुंडाळीला वीज पोचवणारी शाफ्टवरची तांब्याची कडी, बघा. तिच्या पट्ट्यांमधल्या फटींत कार्बनची काळी भुकटी साचते आणि वीज आडवाटेने वाहते. टूथपिकने फटी हळूच कोरा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खर्च जवळपास शून्य. पण जुन्या उघड्या मोटरचं अल्निको (एक मिश्रधातू) चुंबक उतरलं, म्हणजे दुबळं झालं असेल तर साफसफाई वाया: दुबळ्या चुंबकावर मोटर जास्त करंट ओढते. (आर्मेचर, म्हणजे फिरणारी गुंडाळी, उगाच बाहेर काढू नका, चुंबक आणखी उतरतं.) तिथे निओडिमियम चुंबकाचा तुकडा बसवला की जीव येतो.

दुसरी वाट बंद डब्याच्या नव्या मोटरची. करंट कमी, चाल मऊ. मात्र शाफ्टचा व्यास जुळायला हवा, आणि वर्म (शाफ्टवरचा स्क्रूसारखा गिअर) जरा तिरका बसला तर नवीही तापणार.

माझा कल दुरुस्तीकडे. गुंडाळीचं व्हार्निश जळल्याचा वास आला, तरच नवी मोटर मागवतो.