साठीनंतर पहिला ग्रुप कोठे? व्हॉट्सॲप आणि फेसबुक

निवृत्तीनंतरची दोन वर्षे मी समाजमाध्यमांपासून कटाक्षाने दूर होतो. पुढे मोडी लिपीच्या वर्गाला जाऊ लागलो, आणि आजोबांचे खरेदीखत वाचताना अडलेला मजकूर कोणा जाणत्याला दाखवावा, या एकाच गरजेपोटी एका महिन्यात व्हॉट्सॲपवरच्या आणि फेसबुकवरच्या अशा दोन मोडीप्रेमी ग्रुपमध्ये शिरलो. दोन्ही सेवा २०१४ पासून एकाच कंपनीच्या आहेत, त्यामुळे कंपनीवर विश्वास किती ठेवावा हा प्रश्न निवड करताना फारसा उपयोगी पडत नाही. फरक पडतो तो वापरण्याच्या रीतीत.

सुरुवात व्हॉट्सॲपवर सोपी, यात शंका नाही. मोबाइल नंबर असला की झाले. फेसबुकवर खाते उघडण्यात माझी एक संपूर्ण संध्याकाळ आणि मुलीचा बराचसा संयम खर्ची पडला, आणि त्यानंतर मैत्रीची विनंती पाठवणाऱ्या अनोळखी व्यक्तींचे काय करावे, हा संकोच आठवडाभर पुरला. (खाते कुलूपबंद करण्याची सोय भारतात २०२० पासून आहे; ती पहिल्याच दिवशी वापरावी.) याउलट व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आपला नंबर सर्व सभासदांसमोर उघडा होतो, आणि एका ग्रुपमध्ये हजाराहून अधिक माणसे असू शकतात. मी शिरलो त्याच्या तिसऱ्या दिवशी मला प्लॉट विकणाऱ्या कोणाचा तरी फोन आला. त्याचा ग्रुपशी संबंध होताच, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही.

माझा कौल मात्र या कशामुळेच ठरला नाही. मोडीत आधी शिरोरेघ आडवी ओढून घेतात आणि मग तिला अक्षरे टांगत जातात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. आमच्या खरेदीखताच्या चतुःसीमेत पूर्वेकडील शेताच्या मालकाचे नाव कोठे संपते आणि आडनाव कोठे सुरू होते, हेच मला उमगत नव्हते. सकाळी नऊच्या सुमारास मी त्या ओळीचे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकले. साडेनऊपर्यंत एका सभासदाच्या नातवाचा वाढदिवस सुरू झाला, आणि शुभेच्छा, केक, पुष्पगुच्छ यांच्या रांगेत माझी ओळ वर, दृष्टीआड गेली. दरम्यान आणखी दोघांनी आपापले कागद टाकले. दुपारी एका जाणकार गृहस्थांनी लिहिले, ‘तिसऱ्या अक्षरानंतर तोडून वाचा.’ कोणाच्या कागदातले तिसरे अक्षर? आम्ही तिघेही आपापला कागद तोडून वाचत बसलो! मूळ संदेशाला धरून उत्तर देण्याची सोय तेथे आहे, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या वयाची निम्मी मंडळी ती वापरत नाहीत आणि दर वेळी त्यांना तसे सांगणे बरे दिसत नाही. संदेश पुढे धाडण्यावर एका वेळी पाच ठिकाणांची मर्यादा २०१८ मध्येच आली, तरी सुप्रभातचा ओघ निदान आमच्याकडे ओसरलेला नाही. दोष ॲपचा कमी, आम्हा सभासदांच्या सवयीचा अधिक, असेच म्हणावे लागेल.

तेच छायाचित्र मी फेसबुकच्या ग्रुपवर टाकले तेव्हा पहिले दोन दिवस कोणी फिरकले नाही, आणि मी थोडासा हिरमुसलोही. तिसऱ्या दिवशी एक उत्तर आले, मग त्याला खोडून काढणारे दुसरे, आणि दोन्ही त्या छायाचित्राच्या खालीच राहिली. आठ महिन्यांनंतर एका अपरिचित बाईंनी त्याच जागी तिसरे वाचन सुचवले. तोवर व्हॉट्सॲपवरचा तो सगळा मजकूर मी फोनमधील जागा भरली म्हणून पुसून टाकलेला होता.

फेसबुकवर वेळ फार जातो, ही तक्रार खरी आहे. कागद शोधायला म्हणून उघडतो आणि कोणाच्या तरी परसातील सुरण पाहत बसतो. ज्यांना केवळ नातेवाइकांची खुशाली आणि कार्यक्रमाची वेळ कळायला हवी, त्यांनी व्हॉट्सॲपवरच थांबावे. तेवढ्यासाठी दुसरे खाते उघडण्याचे मला तरी प्रयोजन दिसत नाही. परंतु एखादा विषय धरून अनोळखी जाणकारांशी बोलायचे असेल, तर पहिल्या संध्याकाळचा त्रास सोसून फेसबुकचा ग्रुप आधी पाहावा, असे मी भीत भीत सुचवेन. मोडीचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आलीच, तर तो छायाचित्र म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. अक्षरांची टोके शाबूत राहतात.